सिस्टर, एखादी खोली बघून द्याल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी ३९ वर्षांची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून १४ वर्षं मुंबईतल्या एका ट्रस्टच्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. राहायला भांडुपला. हातात ३२ हजार येतात. मिस्टरांच्या कंपनीत पगाराचा भरवसा राहिलेला नाही, मुलगी यंदा दहावीला आहे. गेल्या वर्षी वॉर्डातल्या एका पेशंटच्या मुलाने विचारलं, "सिस्टर, एखादी खोली बघून द्याल का?" ते जळगावकडचे, वडिलांची केमो सहा महिने चालणार होती. माझा मावसभाऊ मुलुंडला इस्टेट एजंट आहे. त्याला सांगून १८ हजार भाड्याची खोली मिळवून दिली. मुलाने हात जोडले. भावाने दलालीतले निम्मे, म्हणजे ९ हजार, माझ्या हातावर ठेवले. नंतर आणखी दोन व्यवहार झाले, दोन्ही पार्ट्या वॉर्डातल्याच. भाऊ म्हणतो, "ताई, तुझं नेटवर्क आम्हाला जाहिराती करूनही मिळत नाही. तू फक्त पार्टी दे, अर्धं कमिशन तुझं." आता मोठं काम आलंय. आमच्या वॉर्डात महिन्यापूर्वी वारलेल्या एका गृहस्थांच्या पत्नीला दादरचा फ्लॅट विकून पुण्याला मुलाकडे जायचंय. त्यांनी मला फोन केला, "तुमच्यावर विश्वास आहे, तुम्हीच बघा." यात माझा सहा महिन्यांचा पगार निघेल असं भाऊ म्हणतो. सासूबाई म्हणतात, रुग्णसेवेचं पुण्याचं काम सोडून दलाली कसली करतेस. माझं काही चुकतंय का? नोकरी सांभाळून हे जमेल, की नोकरी सोडून यातच पूर्ण वेळ उतरू?

ताई,

सासूबाईंचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर निकालात निघतो. घर मिळवून देणं हे कमीपणाचं काम नाही. या शहरात एजंटाशिवाय भाड्याचं घर मिळालेला माणूस विरळाच. बिल्डिंगला पाणी किती वाजता येतं, सोसायटी बॅचलर मुलांना घेते का, मालक डिपॉझिट वेळेवर परत करतो का, हे नीट माहीत असलेला आणि खरं सांगणारा एजंट भेटला तर लोक त्याचं नाव पुढच्या दहाजणांना देतात. आणि नर्सिंगला पुण्याचं काम म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे त्या पुण्याचा पगार वाढवायला राजी असतात. १४ वर्षांच्या नोकरीनंतर ३२ हजार, घरात दुसऱ्या पगाराची शाश्वती नाही, दहावीच्या क्लासची फी. तुम्हाला जास्तीचे पैसे हवे आहेत यात ओशाळं वाटण्यासारखं काहीच नाही.

मी अडखळले ते भावाच्या वाक्यावर. "तुझं नेटवर्क." ते नेटवर्क कुठून आलं, ते जरा बघू या.

जळगावचा तो मुलगा डोळ्यांसमोर आणा. वडिलांच्या हाताला सलाईन लावलेलं. रात्री दोन वाजता बाटली संपली की तुम्हीच येणार. उलट्या सुरू झाल्या की डॉक्टरांना तुम्हीच कळवणार. तोंड आलंय, जेवण जात नाही, हे ऐकून घ्यायला तुमच्याशिवाय कुणाला सवड नाही. अशा वेळी तुम्ही खोली सुचवलीत. भाडं जास्त वाटलं असतं तर त्याने तुमच्याशी घासाघीस केली असती? दुसरीकडे बघतो म्हणाला असता? बाजारातल्या एजंटाला गिऱ्हाईक तोंडावर नाही म्हणू शकतं आणि त्या नाही म्हणण्यामुळेच एजंट सरळ राहतो. तुम्हाला नाही म्हणणं त्या मुलाला परवडणारं नव्हतं. निदान त्याला तसं वाटलं असणार, आणि तेवढं पुरेसं आहे.

तुम्ही त्याला फसवलंत असं मी म्हणत नाही. खोली बरी होती, भाडं रास्त होतं असंच धरते. पण त्याने दिलेल्या दलालीतले ९ हजार सिस्टरकडे गेले, हे त्याला माहीत होतं का? पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर ते लिहिलं असतंत, असं मला वाटतं. त्याने हात जोडले ते त्याच्या समजुतीप्रमाणे विनामोबदला धावून आलेल्या माणसाला.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नर्सिंग आणि एजंटगिरी एकत्र करता येईल, पण वॉर्ड हे गिऱ्हाईक शोधायचं ठिकाण होऊ शकत नाही. दाखल असलेला पेशंट नाही, त्याचे नातेवाईक नाहीत, डिस्चार्जनंतर "सिस्टर, ओळखलंत का" म्हणून फोन करणारेही नाहीत. फाइलवरचा मोबाइल नंबर तर सोडाच. तो उपचारासाठी दिलेला आहे. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही मूळ तत्त्व आहे, पण हे कळायला आपल्याला कायदा कशाला लागतो?

"मग बाहेरगावच्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं का?" असं तुम्ही विचाराल. मुळीच नाही. केमोसाठी येणाऱ्या कुटुंबांचे हाल परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर कुणालाही दिसतात. पण तुमच्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर असेल. धर्मशाळा, ट्रस्टच्या खोल्या, सवलतीचं जेवण यांची यादी त्यांच्याकडे असते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा तर अशा पेशंटांचा मोठाच आधार आहे. पुढच्या वेळी कुणी खोलीचं विचारलं तर हात धरून त्या टेबलापाशी नेऊन सोडा. आपल्या हाताशी कमिशन असलं की हे टेबल आठवेनासं होतं, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. सहा महिन्यांचं १८ हजारांप्रमाणे १ लाख ८ हजार भाडं होतं. धर्मशाळेत जागा मिळाली असती तर त्यातले बहुतेक पैसे औषधाला राहिले असते. कदाचित जागा मिळाली नसतीही. पण विचारलं गेलं होतं का?

वॉर्ड वगळल्यावर तुमच्याकडे काय उरतं? भावाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ. भांडुपची तुमची सोसायटी, आजूबाजूच्या चार बिल्डिंगा, मुलीच्या शाळेतले पालक, माहेरचा गोतावळा, भिशीच्या मैत्रिणी. शिवाय दर वर्षी केरळातून, विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईत येणाऱ्या नवीन नर्सेस. तिघी-चौघी मिळून फ्लॅट घेणाऱ्या या मुलींना रात्री उशिरा ये-जा चालेल अशी सोसायटी, स्टेशनपासून उजेडाचा रस्ता आणि नाइटनंतर दिवसा झोपू देणारी घरमालकीण हवी असते. हे तुमच्याइतकं कुठल्या एजंटाला कळणार? मात्र तुम्ही वॉर्डच्या इन्चार्ज असाल आणि मुलगी तुमच्या हाताखालची असेल, तर तिचीही गत जळगावच्या मुलासारखीच. रोस्टर लावणाऱ्या सिस्टरला नाही कोण म्हणेल? दुसऱ्या रुग्णालयातल्या मुली घ्या. आणि वॉर्डच्या ग्रुपवर फ्लॅटचे फोटो टाकू नका. तिथे आज ऑक्सिजन सिलिंडर कुठल्या शिफ्टने बदलला तेवढंच राहू दे.

आता वेळेचं. "ऑफच्या दिवशी करीन" असं प्रत्येकीला वाटतं. एजंटाचा धंदा म्हणजे मुळात फोन, आणि फोनला तुमचा ऑफ कळत नाही. समजा, रात्री आठचा औषधांचा राउंड चालू आहे. हेपारिनचं (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाचं) इन्फ्यूजन लावायचंय, डोस दोघींनी मिळून तपासायचा, पंपावर आकडा टाकायचा. एप्रनच्या खिशात फोन थरथरतो. एकदा, दोनदा, मग मेसेज: "मॅडम चावी वॉचमनकडे नाहीये, पार्टी खाली उभी आहे." तुम्ही फोन उचलणार नाही हे मला माहीत आहे. पण डोकं अर्ध्या मिनिटासाठी भांडुपला जाऊन येतं. दशांशचिन्ह इकडचं तिकडे व्हायला तेवढं पुरतं. वाईट नर्सच्या हातून होणाऱ्या चुकांपेक्षा मला चांगल्या पण थकलेल्या नर्सच्या हातून होणाऱ्या चुकांची जास्त भीती वाटते.

बहुतेक लोक घरं बघायला रविवारी निघतात. तुमचा ऑफ रविवारी येतोच असं नाही. अकराची वेळ दिलेली पार्टी एकला येते, दोन फ्लॅट बघून "मिसेसला दाखवून सांगतो" म्हणते आणि गायब होते. यात एजंटाचं काही चुकलेलं नसतं, धंदाच तसा आहे. नाइट करून सकाळी आठला सुटून दहाला साइट दाखवायला उभं राहणं एखाद्या आठवड्यात निभावतं. ते सवयीचं झालं की आधी झोप जाते, मग चिडचिड घरात येते, आणि दहावीच्या मुलीला ती सगळ्यात आधी जाणवते.

पैशाचं गणितही एकदा कागदावर मांडा. तुम्ही सुटे ९ हजार पाहिले आहेत, वर्ष पाहिलेलं नाही. भांडुपच्या वन बीएचकेचं भाडं २८ हजार धरू. अकरा महिन्यांच्या करारावर साधारण एका महिन्याची दलाली, भावासोबत निम्मी केली की तुमचे १४ हजार. यातून रिक्षा, फोन, पोर्टलवरच्या जाहिरातीचा वाटा जाणार. शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या आसपासचे एप्रिल ते जून बरे जातात, नंतर महिनोन्महिने भाकड. मालक आणि भाडेकरू तुमच्यामुळे भेटून तुमच्या पाठीमागे परस्पर करार करतात, तेही होतं. विक्रीच्या व्यवहारात आकडा मोठा, पण टोकन, करारनामा, बँकेचं कर्ज, सोसायटीची एनओसी असं करता करता दोन-तीन महिने सहज जातात, आणि कर्ज नामंजूर झालं की हाती भोपळा. सहा महिने एक वही ठेवा. प्रत्येक पार्टीमागे गेलेले तास लिहा, न झालेल्या व्यवहारांचेही. मग ताशी किती पडले ते काढा आणि एखादी जादा ड्युटी किंवा घरी जाऊन करायची प्रायव्हेट केस यांच्या शेजारी तो आकडा ठेवून बघा. तो कमीच निघेल असं नाही. काही जणींचा जास्त निघतो, त्यांना या धंद्याची नस सापडलेली असते. पण हे वहीला ठरवू द्या, भावाला नको.

नियमांकडे वळते. हा भाग रुक्ष आहे, पण तुमच्यासारख्या ज्या अनेकजणी मनातल्या मनात हाच विचार करताहेत त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तुम्ही खासगी रुग्णालयात आहात, तेव्हा आज रात्री कपाटातून नेमणूकपत्र काढा. "संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय अन्य नोकरी वा व्यवसाय करणार नाही" अशा अर्थाचं कलम बहुतेक पत्रांत असतं. असेल तर एचआरकडे लेखी परवानगी मागा: ड्युटीच्या वेळेबाहेर, रुग्णालयाशी संबंध नसलेल्या लोकांसाठी, घरांच्या व्यवहाराचं काम. हा अर्ज लिहिताना हात कचरत असेल तर का कचरतो तेही तपासा. वॉर्डातल्या पार्ट्या अर्जात लिहिता येत नाहीत, म्हणूनच ना?

केईएम, सायन, नायर, कूपरसारख्या पालिका रुग्णालयांत किंवा जे.जे.सारख्या सरकारी रुग्णालयात असलेल्या वाचकांसाठी रस्ता आणखी अरुंद आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला खासगी व्यापार-नोकरीबद्दलचा नियम १६ पूर्वपरवानगीशिवाय धंदा करू देत नाही, आणि पालिकेची शिस्तही त्याच वळणाची आहे. "लायसन्स मिस्टरांच्या नावावर काढते, मी फक्त माणसं पाठवते" ही युक्ती अनेकींना सुचते. ती चालत नाही. घरच्या माणसाच्या कमिशन एजन्सीसाठी गिऱ्हाईक गोळा करणं हाही त्या नियमाचा भंगच धरला जातो, आणि कुटुंबातलं कुणी असा धंदा करत असेल तर ते कळवावंही लागतं. मिस्टरांना स्वतःला हा व्यवसाय करायचा असेल तर खुशाल करू दे, रीतसर कळवा, पण तुम्ही त्यात पडू नका. पेन्शन किंवा पीएफ पणाला लावावं इतकी ती दलाली मोठी नसते.

दुसरी बाजू महारेराची, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची. २०१६ चा रेरा कायदा राज्यात २०१७ पासून महारेरामार्फत राबवला जातो. नोंदणी झालेल्या गृहप्रकल्पांतले फ्लॅट विकायला मदत करायची तर एजंट म्हणून नोंदणी सक्तीची आहे. एकट्या व्यक्तीसाठी शुल्क १० हजार रुपये, मुदत पाच वर्षं. २०२३ पासून त्याआधी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे, ती मराठीतून देता येते. इंजेक्शनची डोस-कॅल्क्युलेशन्स तोंडपाठ असलेल्या तुम्हाला ती जड जाणार नाही. नोंदणीशिवाय काम केलं तर दंड दिवसाला १० हजार, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. "भावाचं लायसन्स आहे, मी त्याच्या हाताखाली" म्हणून सुटका नाही. एजंटासाठी ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या माणसांनाही प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. भाड्याचे करार आणि जुन्या तयार घरांची पुनर्विक्री या चौकटीबाहेर आहे, म्हणून सुरुवातीला भाड्यापुरतंच काम ठेवणं सोयीचं. पण तिथेही लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. "अकरा महिन्यांचंच तर आहे, नोंदणी कशाला" म्हणणाऱ्या मालकाला तुम्ही पटवू शकला नाहीत, तर ती पार्टी सोडा.

मिळालेली दलाली इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायची, आणि ती पगारात नव्हे, धंद्याचं उत्पन्न म्हणून. आजवर फॉर्म १६ घेऊन दहा मिनिटांत भरलेलं साधं रिटर्न मग चालणार नाही. सीएची फी वहीत लिहायला विसरू नका.

नोकरी सोडायच्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे: आत्ता नको. घरात एका पगाराचा भरवसा आधीच गेलेला असताना दुसरा ठरलेला पगार सोडून कमिशनवर येणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं. १४ वर्षांची ग्रॅच्युइटी तुमचीच आहे, ती कुठे जात नाही. बेसिक २० हजार असेल तर २६ ने भागून, १५ आणि १४ ने गुणून सुमारे १ लाख ६१ हजार होतात. एवढी रक्कम घरात तुम्हाला वाटते त्याच्या निम्म्या वेळात संपते. पीएफमधला मालकाचा वाटा, रुग्णालयाकडून मिळणारी उपचाराची सवलत, आजारपणाची रजा, हे सगळं मात्र सोडल्या दिवशी थांबतं. वर्षभरानंतर वही सांगेल की दलालीतून सलग बारा महिने पगाराइतकं येतं आहे, तेव्हा हा प्रश्न पुन्हा काढा. आणि तेव्हाही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मरू देऊ नका, तिचं नूतनीकरण पाच वर्षांनी करत राहा. घरांचा बाजार दोन-तीन वर्षं थंड पडलेला मुंबईने पाहिला आहे. वॉर्ड रिकामे पडलेले पाहिल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला पत्र वाचल्यापासून खटकते आहे. नर्सिंगमध्ये याहून जास्त मिळणारच नाही, हे तुम्ही गृहीत धरलंत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांवरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी नर्सना राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी. शिफारसच ती, बहुतेक व्यवस्थापनांनी ती फाइलमध्येच ठेवली. तरी तुमच्या रुग्णालयात खाटा किती, हे मोजून पगारवाढीच्या अर्जात हा मुद्दा घालायला काय हरकत आहे? एकटीने नको, चार सीनियर मिळून. नाही म्हणाले तर १४ वर्षांच्या अनुभवाला डायलिसिस, कॅथ लॅब, इन्फेक्शन कंट्रोल, एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनासाठी लागणारं क्वालिटीचं काम अशी दारं आहेत. जीएनएमवरून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. विमा कंपन्यांचे क्लेम तपासणाऱ्या टीपीए कंपन्या अनुभवी नर्स घेतात. तिथे नाइट नसते, रविवार तुमचा असतो. म्हणजे घरं दाखवायचीच असतील तर रविवार मोकळा ठेवणारी नर्सिंगची नोकरी आधी शोधा आणि मग एजंटगिरीचं बघा, हा क्रमही विचारात घ्या. मला विचाराल तर तुमच्यासाठी तोच सगळ्यात बरा दिसतो.

राहिला दादरचा फ्लॅट. त्यासाठीच तुम्ही पत्र लिहिलंत, असा माझा कयास आहे.

तो व्यवहार घेऊ नका. २ कोटींचा फ्लॅट, दोन्हीकडून एकेक टक्का, त्याचे निम्मे २ लाख, भावाचं गणित बरोबर आहे. पण त्या काकूंचा नवरा तुमच्या वॉर्डात महिन्यापूर्वी गेला. त्या तुम्हाला फोन करतात कारण शेवटच्या दिवसांत त्यांच्या सगळ्यात जवळ तुम्ही होतात. घराच्या बाजाराबद्दल तुम्हाला काय कळतं हे त्यांनी पाहिलेलंच नाही. महिन्याभरात घर विकायचा निर्णय घेणाऱ्या माणसाला खरं तर थांब म्हणणारं कुणी हवं असतं, आणि घर विकलं गेलं तरच पैसे मिळणारा माणूस थांब म्हणू शकत नाही. तुमची नियत कितीही चांगली असो.

शिवाय या घरात पाय अडकण्यासारखं पुष्कळ आहे. फ्लॅट काकांच्या नावावर असेल तर काकू नॉमिनी आहेत म्हणून एकट्या विकू शकत नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलगा, मुलगी असेल तर तीही, काकांची आई हयात असेल तर त्याही वारस. त्यांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागेल. शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे, मृत्युपत्र होतं का, घर मालकीचं की पागडीचं (जुन्या भाडेपद्धतीचं), हे आधी पाहावं लागेल. आणि दादरमध्ये जुनी बिल्डिंग म्हटलं की पहिला प्रश्न रिडेव्हलपमेंटचा. सोसायटीची बोलणी चालू असतील तर आज विकण्यात आणि दोन वर्षांनी विकण्यात लाखोंचा फरक पडू शकतो. घाईतला एजंट हे सांगत नाही.

म्हणून काकूंना उलट फोन करा, उद्याच. "काकू, मी नर्स आहे, घराच्या व्यवहारात पडत नाही, पण तुम्हाला घाईने काही करू नका एवढं सांगते" असं म्हणा. मुलाला चार दिवस बोलावून घ्यायला सांगा. कागदपत्रं आधी वकिलाला दाखवा, सोसायटीच्या सेक्रेटरींना रिडेव्हलपमेंटचं विचारा, भाव किमान तीन एजंटांकडून काढा, आणि टोकन म्हणून कुणी रोख पुढे केली तर हात लावू नका, हे सांगा. त्या अडून बसल्या की "तुमच्या ओळखीचं कुणी?", तर भावाचं नाव त्या तिघांमधला एक म्हणून द्या, तो तुमचा मावसभाऊ आहे हे सांगून. त्यातला एक रुपयाही तुम्ही घ्यायचा नाही, आणि हे काकूंना आणि भावाला दोघांनाही माहीत असू द्या.

भाऊ चिडेल. चिडू द्या. चार दिवसांनी त्याच्याकडे जा आणि तुमचा बेत सांगा: एचआरची परवानगी आली की महारेराचं प्रशिक्षण करते, माझ्या सोसायटीतल्या आणि बाहेरच्या नर्सेसच्या भाड्याच्या पार्ट्या आणते, वॉर्डातली एकही नाही, आणि प्रत्येक पार्टीला माझा वाटा आधी सांगते. यावरही निम्मं कमिशन कायम का, आणि ते कागदावर लिहून देशील का, असं विचारा. दिलं तर धंद्याला चांगला भागीदार मिळाला. टाळाटाळ केली तर मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात दुसरे एजंट पुष्कळ आहेत, आणि लेखी बोलणी त्यांच्याशीही अशीच करायची.